पेटी पहिल्याच थरात

रामबाग, इंदूर
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,

काल राजवाड्यावर रंग उडवत गेर निघाली आणि मी दारं-खिडक्या लावून १९८७च्या कॅसेटी उतरवत बसलो होतो. बायको म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना? मी तिला तुझा डग्गा ऐकवला.

ती निळी सी-साठ आठवते? वर तुझ्या अक्षरात ‘पाऊस, तिसरा थर’. फीत हेडवर दाबून धरणारी आतली नमद्याची गादी गळून पडली होती, त्यामुळे आवाज पार दबलेला. एका भजनाच्या कॅसेटची गादी चिमट्यानं काढून तिला चिकटवली (देव माफ करो), हेड स्पिरिटनं पुसलं आणि जेल रोडवरून आणलेल्या जुन्या डेकमध्ये लावली.

आपली रीत आजच्या पोरांना सांगितली तर हसतात. एका टेपवर पेटी आणि गाणं भरायचं, मग ते वाजवत समोर बसून तू तबला, मी गिटार, आणि हे सगळं दुसऱ्या टेपवर. की पुन्हा ती कॅसेट पहिल्यात. दर खेपेला खरखर वाढायची ते एक. पण वाजवायला माझा टेप, भरायला तुझा, आणि माझा किंचित पळायचा! काळी एकच्या पट्टीत धरलेलं गाणं चढत चढत तिसऱ्या थराला पांढरी दोनला टेकायचं. मी गिटारच्या खुंट्या पिळायचो, तू हातोडीनं गठ्ठे ठोकत तबला चढवायचास. पेटीचे सूर पक्के, तिला काय करणार? म्हणून माझ्या गाण्यांत पेटी कायम पहिल्याच थरात. लोकांना ती शैली वाटते.

आपलं गावही असं, की गाणं म्हटलं की अमीर खाँसाहेब; लताबाईंचा जन्म इथला, शेजारी देवासला कुमार गंधर्व. त्यात आपण गिटारवर स्वतःची मराठी गाणी म्हणणार, तीही हिंदी बोलणाऱ्या मोहल्ल्यात. तरी चाळीसेक झाली. आधी कॅसेटी, मग घरी भरलेल्या सीड्या, आता इंटरनेट. गेल्या वर्षीच्या कमाईत रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत दोघांचा भुट्ट्याचा कीस झाला असता. वर तळलेला गराडू नाही.

खरखर काढायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. नुसत्या खरखरीचा तुकडा त्याला दाखवायचा, मग ते तेवढं सगळीकडून वजा करतं. केलं, तर गाणं पाण्याखालून आल्यासारखं, आणि तुझ्या डग्ग्याचा घुमारा शेपटीपाशी कापलेला. परत होतं तसं ठेवलं. त्यामुळे शेवटी तू पुटपुटलेलं ‘दाल जळली वाटतं’ही राहिलंय. जळलीच होती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. १९९१ची आपली पहिली कॅसेट काढली तेव्हा तू नुकताच बँकेत लागून पुण्याला गेला होतास. मी पन्नास प्रती केल्या, कव्हर हातानं लिहून झेरॉक्स केलं. त्यावर ‘सर्व वाद्ये’पुढे माझं एकट्याचं नाव आहे. घाईत राहिलं नव्हतं, बंड्या. तू गेलास म्हणून मी रागानं गाळलं होतं. तुला प्रत पाठवली नाही ती त्याचसाठी. टपालात हरवली असेल म्हणालो होतो.

ही गाणी आता पुन्हा टाकतोय. तबल्यापुढे तुझं नाव जाईल. कागदावरचं घालू की बंड्याच? आणि ‘पाऊस’ला चौथा थर द्यायचाय. फाइल पाठवतो, फोनवर भरलंस तरी चालेल. पट्टी आता पांढरी दोनच्याही जरा वर आहे. हातोडी शोधून ठेव.

तुझाच,
पेटीवाला