रविवारच्या हीरोक्वेस्टच्या डावाबद्दल

मंडळी, येत्या रविवारी दुपारी ३ वाजता, जळगावात मेहरूण तलावाजवळ आपल्या नेहमीच्या घरी हीरोक्वेस्ट या बोर्ड गेमची नवी मोहीम सुरू करतोय. डाव ५ जणांचाच आहे: रानटी योद्धा, बुटका, एल्फ आणि जादूगार हे चार वीर एका बाजूला, आणि समोर एकटा झारगॉन, म्हणजे राक्षसांची बाजू खेळणारा. या वेळी झारगॉन मी होणार. मोहिमेचं पुस्तक माझ्याकडेच राहील, कृपया कोणी डोकावू नका. दार उघडल्यावर आत काय निघतं, त्यातच सगळी गंमत आहे.

नव्या सभासदांसाठी: फाशावर कवटी आली की वार लागला. वीर पांढऱ्या ढालीने वाचतात, राक्षस फक्त काळ्या. सहा बाजूंत पांढऱ्या दोन, काळी एकच, म्हणून घाबरून मागे राहू नका. खोलीत राक्षस जिवंत असताना खजिना शोधता येत नाही, यावरून मागे फार वाद झाला होता.

- कोण कोणता वीर घेणार, ते शुक्रवारपर्यंत कळवा. जादूगाराकडे ९ मंत्र असतात, पण अंगात जीव चारच. तो जुन्या खेळाडूने घ्यावा.
- धुळे-भुसावळहून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ आधी सांगा. डाव अर्धा सोडून उठलं की बाकीचे तिघं अडकतात.
- भरीत-पुरी डाव संपल्यावरच. मागच्या वेळी खजिन्याच्या एका पत्त्यावर तेलाचं बोट उमटलं, आता तो पत्ता पालथा ठेवला तरी ओळखू येतो.

बघायला कितीही जण या.