आईच्या एमआरआयविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

आईला कर्करोग झालेला असल्याने तिच्या पाठदुखीसाठी डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने शरीराच्या आतली चित्रे घेणारी तपासणी, सांगितल्याचे बाबांच्या फोनवरून कळले. आई, तेव्हा तू मागून विचारलेस, "तुझ्या प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूतली एकेक कॅन्सरपेशी दिसते, मग माझ्या का दिसणार नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर घाईघाईत देणे मला योग्य वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

उंदरात सोडण्याआधी आम्ही त्या पेशी काचपात्रात वाढवतो आणि तिथेच त्यांना लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरवतो. एमआरआयचे चित्र शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून येणाऱ्या संदेशातून बनते. पेशी साधारण 10 ते 20 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, पण तिच्या पोटातल्या लोहामुळे तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बिघडते, शेजारच्या पाण्याकडून येणारा संदेश क्षीण होतो आणि चित्रात पेशीच्या अनेकपट मोठा काळा ठिपका उमटतो. म्हणजे आम्हाला पेशी दिसत नाही, तिने आजूबाजूला केलेली गडबड दिसते. पेशी विभागली की लोह दोन्ही पेशींत वाटले जाते आणि काही पिढ्यांनंतर ठिपका पुसला जातो. जी विभागतच नाही, निद्रिस्त पडून राहते, तिचा ठिपका मात्र टिकतो. कित्येक वर्षांनी उलटणाऱ्या आजाराचे मूळ अशा निद्रिस्त पेशींत असू शकते, म्हणून या कामात माझा जीव गुंतला आहे. तरीही मेलेल्या पेशींमधले लोह शरीराच्या भक्षक पेशी गिळतात आणि मग त्याही काळ्या दिसतात, त्यामुळे प्रत्येक ठिपका कर्करोगाचाच, असे छातीठोकपणे आम्हीही सांगत नाही.

तुझ्या शरीरातल्या पेशींना असे लोह कोणी भरवलेले नाही, आणि त्या नेमक्या कुठे आहेत हे माहीत नसताना फक्त त्यांनाच भरवण्याची सोयही नाही. त्यामुळे रुग्णाच्या तपासणीत शोध असतो तो पेशींच्या समूहाने ऊतींमध्ये घडवलेल्या बदलाचा. 1971 साली रेमंड डमेडियन या अमेरिकन डॉक्टरांनी प्राण्यांच्या गाठींमध्ये दाखवून दिले होते की तिथल्या पाण्यातील हायड्रोजनचा प्रतिसाद निरोगी ऊतींपेक्षा अधिक काळ रेंगाळतो. त्यातून चित्र घडवण्याची पद्धत पॉल लॉटरबर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी 1973 साली मांडली.

मणक्याच्या बाबतीत हे तंत्र फार उपयोगी पडते. तुमच्या वयात मणक्याच्या अस्थिमज्जेत (हाडाच्या आतल्या मऊ भागात) चरबी भरपूर असते आणि ती एका प्रकारच्या चित्रात उजळ दिसते. कर्करोगाच्या पेशींनी ती जागा व्यापली की तिथे गडद डाग पडतो. पेशी दाटीवाटीने बसल्या असतील तर पाण्याच्या रेणूंना हालचालीला वाव उरत नाही, आणि तेही वेगळ्या चित्रात टिपता येते. साध्या एक्स-रेमध्ये बदल दिसायला हाडातला बराच खनिजांश जावा लागतो, तर एमआरआय मज्जेतला बदल त्याआधीच दाखवू शकतो. शिवाय त्यात क्ष-किरण नसतात.

बाबा, तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एक घन मिलिमीटर गाठीत दहा लाखांपर्यंत पेशी मावू शकतात, आणि नेहमीच्या तपासणीत त्याहून लहान समूह सहसा हाती लागत नाही. त्यामुळे अहवाल चांगला आला तर मला मनापासून आनंद होईल, पण शरीरात एकही पेशी उरलेली नाही, असा त्याचा अर्थ आपण लावू नये. उलट, एखादा डाग दिसला तरी तो जुन्या फ्रॅक्चरचा किंवा रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठीचाही असू शकतो, आणि ते ठरवायला कधी पुन्हा तपासणी, तर कधी बायोप्सी लागते. म्हणून पूर्वीचे सगळे स्कॅन सोबत न्या. तोच मणका आधी कसा होता, हे शेजारी ठेवून पाहिले की डाग नवा की जुना हे पुष्कळदा उलगडते.

आई, किमोसाठी बसवलेला पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेले छोटे उपकरण) आणि शस्त्रक्रियेतल्या क्लिप यांविषयी तंत्रज्ञांना आधीच सांग. चित्र अधिक स्पष्ट करणारे गॅडोलिनियमचे इंजेक्शन देणार असतील तर मूत्रपिंडाच्या तपासणीचा अहवाल जवळ असू दे. यंत्राचा ठोक्यांसारखा आवाज मोठा असतो, म्हणून कानांना संरक्षण मागून घे. जेवढी स्थिर राहशील तेवढे चित्र स्वच्छ येईल.

अहवाल आला की केवळ शेवटची ओळ न पाठवता पूर्ण अहवाल आणि चित्रांची सीडी दोन्ही पाठवा. पण त्याचा अर्थ आधी तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या, आणि त्या भेटीच्या वेळी मला फोनवर घ्या.

तुमची लेक