सूचना : पाळीव प्राणी असलेल्या भाडेकरू सभासदांसाठी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ज्यांच्या भाडेकराराची 11 महिन्यांची मुदत संपत आली आहे आणि ज्यांच्या घरी कुत्रे किंवा मांजर आहे, त्यांची बैठक येत्या रविवारी सकाळी 10 वाजता बेळगावातील टिळकवाडीत नेहमीच्या जागी होईल.

येताना करारपत्र, डिपॉझिटची पावती व प्राण्याच्या लसीकरणाचे कार्ड आणावे. करार कन्नडमध्ये असल्यास प्राण्यांविषयीची अट जाणकाराकडून आधी वाचून घ्यावी. बहुतेक वाद तेथेच सुरू होतात.

करारात वेगळे ठरले नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 106 नुसार महिन्याच्या भाडेकरूला 15 दिवसांची लेखी नोटीस मिळायला हवी. त्यामुळे तोंडी सांगण्यावरून घाईने घर सोडू नये. दारावरील नखांचे ओरखडे घरमालकांसमक्ष पाहून दुरुस्तीची रक्कम लेखी ठरवावी.

घर मिळेना म्हणून प्राण्याला मागे सोडून जाऊ नये, ही कळकळीची विनंती. गेल्या उन्हाळ्यात शहापुरातील एका रिकाम्या घराच्या फाटकाला बांधलेली कुत्री आम्हाला कोरड्या वाडग्याशेजारी सापडली. कुणाचीही चाहूल लागली की ती शेपूट हलवून उठत होती. प्राण्याला असे उपाशी-तहानलेले टाकून देणे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 नुसार गुन्हा आहे. तात्पुरती सोय हवी असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.