मंत्रीसाहेब, आमच्या फाट्यावरचा अंडरपास कुठंय?

मा. मंत्रीसाहेब, सप्रेम नमस्कार.

काल सकाळी आमच्या फाट्यावर माझ्या पुतणीच्या स्कूटीला डंपरने उडवलं. जीव वाचला, खुबा मोडलाय. याच फाट्यावर दोन वर्षांपूर्वी मी पडलो होतो, मांडीत रॉड आहे, चाळीशीच्या माणसाला तीन महिने आईने आंघोळ घातली साहेब, दुकान बसलं, कर्ज अजून फेडतोय, थंडीत पाय असा ठणकतो की झोप नाही. तेव्हा तुम्ही दवाखान्यात आलात, फोटो काढलेत, म्हणालात सहा महिन्यांत अंडरपास. मिळालं काय, तर रम्बलर आणि 'अपघातप्रवण क्षेत्र' असा बोर्ड, त्याच्यावर पण आता तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.

पंचनाम्यात लिहिलंय, मुलगी राँग साइडने आली. आली ना! कॉलेज पलीकडे, एसटीचा थांबा पलीकडे, यू-टर्न अडीच किलोमीटरवर आणि सर्व्हिस रोड अर्धा सोडलेला, मग अख्खं गाव रोज राँग साइडनेच जातं. शिस्त नाही म्हणे लोकांना.

पुण्याच्या नवले पुलाचंच घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून उतार, डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलवर, ब्रेक तापून फेल. नोव्हेंबर 2022 ला एका टँकरने कितीतरी गाड्या चेचल्या, नोव्हेंबर 2025 ला परत तिथंच कंटेनर, माणसं जळून गेली. गुन्हा ड्रायव्हरवर. उतारावर कधी गुन्हा झालाय का?

स्वीडनच्या संसदेने 1997 लाच ठरवलं की माणूस चुकणारच, पण चुकला म्हणून मरायला नको, रस्ता बनवणाऱ्यांची पण जबाबदारी. आपल्याकडे 2022 ला 1 लाख 68 हजार लोक रस्त्यावर मेले, तासाला एकोणीस-वीस, हिशोब तुमच्या पीएला करायला सांगा. मोटार वाहन कायद्यात 2019 पासून कलम 198-अ आहे, खराब डिझाइनमुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदाराला, रस्तेवाल्यांना दंड. किती? जास्तीत जास्त एक लाख! माझ्या रॉडला त्याहून जास्त गेले. आणि तो तरी कोणी भरलाय? रस्तेवाले म्हणतात पोलिसांना विचारा, पोलीस म्हणतात ठेकेदाराला, ठेकेदार फोन उचलत नाही, आणि टोल मात्र एक दिवस चुकत नाही.

सर्व्हिस रोड पुरा करा, अंडरपासचं लेखी द्या, बाकी काही नको.

पुतणीचं ऑपरेशन गुरुवारी आहे. फोटोग्राफर न आणता आलात तर बोलू.

आपला,
फाट्यावरचा एक मतदार