आधी दाराखालचा पत्रा बघ

डर्बी,
१४ नोव्हेंबर

प्रिय मिलिंद,

तुझं बर्मिंगहॅमचं नक्की झालं, फार बरं वाटलं. आणि आल्या आल्या जुनी माझ्दा एमएक्स-५, ती कापडी छताची दोन सीटांची गाडी, घ्यायची म्हणतोस! होस्टेलच्या कपाटावर चिकटवलेला तो लाल गाडीचा फोटो आठवला.

पहिल्या पिढीची घेऊ की दुसऱ्या, असं विचारलंयस. मी दोन्ही चालवल्यात. १९८९ ची पहिली, दिवे वर उघडणारी, हजार किलोच्या आतली. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागापर्यंत, अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट आहे, त्यामुळे पाय दाबला की मागची चाकं लगेच उत्तर देतात. रस्त्यावरची खडीसुद्धा स्टिअरिंगमधून हाताला कळते. खड्ड्यात मात्र अख्खी गाडी थरथरते. १९९८ ची दुसरी तेवढ्याच व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर तेच, २२६५ मिलिमीटर, पण बॉडी घट्ट. ओल्या वळणावरही मागची बाजू शहाण्यासारखी येते. माझा जीव पहिलीवर आहे. २००५ ची तिसरी मोठी झाली, ती तुझ्या फोटोतली नव्हे.

पण मिल्या, पिढी नंतर ठरव. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर खाणीतलं मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. शिवाय ही गाडी आतूनही कुजते. कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या दोन भोकांतून खाली जातं. तिथे पाला अडकला की ते दाराखालच्या पोकळ पेटीत शिरतं. इकडे तिला सिल म्हणतात.

माझी गाडी विकणाऱ्याने खालून ताजा काळा लेप मारून दिली होती. मागच्या चाकाच्या पुढची वीतभर जागा मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवली. टणटण वाजायला हवं तिथे पुठ्ठ्यासारखा आवाज. टोक टेकवलं, ते सरळ आत. तपकिरीसारखा चुरा सांडला आणि मागोमाग कपभर पाणी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या पिढीला सिलचा रोग आहेच, वर पुढच्या चॅसी रेलचाही, म्हणजे इंजिनाखालून जाणाऱ्या सांगाड्याच्या लांब पट्ट्यांचा. तिथे पत्र्याचे दोन थर आहेत, त्यांच्यामध्ये खारं पाणी बसतं आणि बाहेरून काही दिसत नाही. सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजून कमजोर झाला असेल तर वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास. सिलचं वेल्डिंग परवडतं. रेलसाठी आजूबाजूचं बरंच खोलावं लागतं, मजुरी तिथे जाते. म्हणून चांगल्या रेलची दुसऱ्या पिढीची मिळाली तर ती बिनधास्त घे. नाहीतर सिल बदललेली, वेल्डिंगचे फोटो असलेली पहिली.

गाडीचा नंबर टाकला की एमओटीचे जुने शेरे इंटरनेटवर दिसतात. ‘कॉरोजन’ (गंज) शब्द कुठल्या साली पहिल्यांदा आला आणि पुढच्या वर्षी तो गायब कसा झाला, ते नीट वाच.

मी येईपर्यंत कुणालाही बयाणा देऊ नकोस. शनिवारी टॉर्च आणि जॅक घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
शेखर