जुनी रोमन नाणी चिंचेने घासू नका

महोदय,

चवथ जवळ आली की गोव्यात घरोघरी समया, ताम्हण आणि न्हाणीतले भाण चिंचेने नाहीतर आमसुलाने घासून लख्ख केले जाते. भांड्यांना ते मानवते. पण त्याच ओघात डब्यातली जुनी नाणीही घासली जातात. जमिनीतून निघाली तशीच, मातीसकट विकली जाणारी रोमन नाणी स्वस्तात मिळतात म्हणून घेणारे नवे संग्राहकही आल्याआल्या ती लिंबाच्या रसात टाकतात. त्याने नाणे साफ होत नाही, कायमचे जाते.

सोळाशे-सतराशे वर्षे मातीत राहिलेल्या ब्राँझच्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग बहुतेक वेळा धातूत उरलेलाच नसतो. सम्राटाचा चेहरा, अक्षरे, टांकसाळीची खूण हे सारे गंजाच्या घट्ट थरात टिकून असते : खाली लालसर क्युप्राइट, वर हिरवे मॅलाकाइट. आम्लाने हा थर गेला की हातात येते ती खड्डे पडलेली गुलाबी चकती. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या घराण्याच्या नाण्यांच्या एका प्रकारात मागील बाजूस दोन सैनिक असतात. त्यांच्यामध्ये दोन ध्वज असतील तर नाणे साधारण इ.स. ३३० ते ३३५ मधले, एकच असेल तर त्यानंतरचे, आकाराने लहान व वजनाने हलके. हा फरक सांगणाऱ्या रेषा केसाएवढ्या असतात. नाणे ओले करून तिरप्या उजेडात धरले, तर झिजलेल्या नाण्यावरही त्या बरेचदा दिसतात.

साफ करायचे तर डिस्टिल्ड पाणी घ्यावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते नको. नाणी काचेच्या भांड्यात सुटी सुटी ठेवून पाणी रोज बदलावे. आठ-दहा दिवसांनी माती मऊ झाली की बांबूची टोकदार काडी किंवा दातकोरणी भिंगाखाली चालवावी. सुई वापरायचीच तर मातीवर, हिरव्या थरावर कधीच नाही. खोबरेलात किंवा ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवून ठेवायची पद्धत आम्हाला पटत नाही : तेलातली आम्ले हळूहळू थर खातात आणि शेवटी द्यायचे संरक्षक मेण नंतर धरत नाही. बॅटरी लावून इलेक्ट्रोलिसिस केले तर सगळाच थर उतरतो.

गोव्यात खरी धास्ती असते ती 'ब्राँझ डिसीज'ची. मातीतून आलेले क्लोराइड नाण्याच्या आत क्युप्रस क्लोराइडच्या रूपात दडून असते. दमट हवा मिळाली की त्यातून फिक्या हिरव्या रंगाची भुकटी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, ते आम्ल पुन्हा तांबे खाते, आणि हे चक्र थांबत नाही. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असली तरच ते निजून राहते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८०च्या वर सहज जाते. निरोगी हिरवा थर कठीण व गुळगुळीत असतो. रोगाचा ठिपका मात्र काडी लावताच पिठासारखा झडतो आणि खाली खळगा दिसतो. शंका असेल तर ओल्या कापसाशेजारी, कापसाला न टेकवता, नाणे बंद डबीत दोन दिवस ठेवावे. रोग असेल तर ताजे ठिपके उमटतात. असे नाणे इतरांपासून ताबडतोब वेगळे करावे.

उपाय चिकाटीचा आहे. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात निर्जल सोडियम कार्बोनेट २३ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा १९ ग्रॅम विरघळवावा. धुण्याच्या सोड्याचे खडे घेतले तर त्यांत पाणी असल्याने २३ ऐवजी ६३ ग्रॅम लागतात. इथे पुष्कळांचे माप चुकते. भुकटी काडीने काढून नाणे या द्रावणात ठेवावे आणि द्रावण दर आठवड्याला बदलावे. काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. थरावर निळसर झाक येऊ शकते, हा या उपायाचा दोष आहे. नंतर डिस्टिल्ड पाण्यात कित्येक दिवस धुऊन, ॲसिटोनमध्ये बुडवून पूर्ण वाळवावे. मग १०० मिलि अल्कोहोलमध्ये ३ ग्रॅम बेंझोट्रायझोल (तांब्याचे गंजणे रोखणारे रसायन) घालून त्यात २४ तास ठेवावे. हे रसायन विषारी आहे. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या असाव्यात, ॲसिटोन व अल्कोहोलजवळ ज्योत नसावी. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा.

ठेवण्यासाठी हवाबंद डबा, त्यात नारिंगी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून आम्ल सुटते व नाण्यावर हिरवी चिकट साय धरते, म्हणून ती आजच फेकावीत. जेलचा रंग बदलला की ते भाजून कोरडे करावे लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ही तपासणी दर आठवड्याला हवी.

नाणे घेताना ते कुठून आले हे लेखी मागावे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आणि आपल्याच कुळागरात किंवा शेतात खणताना जुने नाणे लागले, तर ते पुसूही नये. कागदात गुंडाळून, जागा व खोली लिहून पणजीच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे. सोबतची माती आणि मडक्याची खापरेही ठेवावीत.

– नाणीसंग्राहक वाचक, म्हापसा