अण्णांना सगळं कळतंय

मिरज

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालास, "अण्णांना आता काही कळत नाही रे." तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. अण्णांना कळतंय. पक्षाघातानं त्यांचं बोलणं अडलंय, समज नाही. तू पाठवलेल्या एमआरआयच्या रिपोर्टात इजेची जागा लिहिली आहे : डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात, खालच्या बाजूला, कॉर्टेक्समध्ये.

कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचं बाह्यक, हा जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाडीचा करडा थर. चुरगळून मुठीत धरलेल्या रुमालासारखा तो कवटीत घड्या घालून बसलाय. त्यात अंदाजे सोळाशे कोटी चेतापेशी आहेत. बघणं, ऐकणं, हात हलवणं, शब्द जुळवणं, प्रत्येकाचं मुख्य ठिकाण वेगळं. एका ठिकाणी रक्त पोचलं नाही तर तिथलं काम अडतं, माणूस जात नाही.

बोलण्याचं ठिकाण कळलं ते १८६१ साली. पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात लबोर्न्य नावाचा रुग्ण एकवीस वर्षं होता. काहीही विचारा, उत्तर एकच : "तां, तां." पण किती वर्षं इथे आहेस असं विचारल्यावर त्यानं पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस! हिशोब शाबूत, शब्द तेवढे अडलेले. तो वारल्यावर पॉल ब्रोका या सर्जननं मेंदू तपासला, तर इजा डाव्या बाजूला पुढेच होती. त्या भागाला आजही ब्रोकाचंच नाव आहे.

चिडला की लबोर्न्यच्या तोंडून शिवी मात्र निघायची. हे मुद्दाम सांगतोय. अण्णा परवा चिडून "अरे देवा!" असं स्पष्ट म्हणाले, तेव्हापासून काकूंना वाटतंय की ते हट्टानं बोलत नाहीत. तसं नाही. तोंडात बसलेले उद्गार आपसूक येतात. ठरवून वाक्य जुळवणं ही वेगळी मेहनत आहे, आणि तीच आता त्यांना जमत नाही. काकूंना हे तूच समजावून सांग.

उलट प्रकारही असतो. १८७४ मध्ये वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी दाखवलं की डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला इजा झाली तर माणूस घडाघडा बोलतो, पण त्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचं नीट उमगत नाही. अण्णांचं तसं नाही. चष्मा मागितल्यावर त्यांनी डाव्या हातानं पुढे केला, हे तूच सांगितलंस. उजवा हात लुळा पडलाय कारण त्याला हलवणारी पट्टी बोलण्याच्या भागाला लागूनच आहे.

आता घरी एक कर. टीव्ही बंद कर, आणि एका वेळी एकानंच बोला. लांबलचक वाक्यं त्यांना जड जातात, म्हणून "चहा हवा की दूध?" असं थोडक्यात विचार आणि थांब. अर्धा मिनिट शांतता झाली तरी शब्द त्यांच्या तोंडात कोंबू नकोस. त्यांच्यासमोर "यांचं आता काही खरं नाही" असं पाहुण्यांना कुणी म्हणता कामा नये, ते ऐकतायत.

अण्णा भजनी मंडळात होते ना? रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर आरती म्हण. बोलता न येणारे कितीतरी रुग्ण चालीवर शब्द म्हणतात, कारण गाण्यात उजवा मेंदूही साथ देतो. आमच्याकडे स्पीच थेरपीत हे रोज बघतो. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते, म्हणून थेरपी पुढच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश